जनाज्याखालून

सुराबायाहून निघालेलं लहानसं विमान जेंबरच्या धावपट्टीवर टेकलं, तेव्हा उन्हं कलली होती. चहूकडे तंबाखूची शेतं आणि त्यांच्यापलीकडे ढगांत अर्धा बुडालेला अर्गोपुरोचा डोंगर. सामान हातगाडीवरून आलं. रेंगानिसने आपली बॅग उचलली आणि क्षणभर तिथेच उभी राहिली.

ती परदेशात डॉक्टरकी शिकून कायमची परतली होती. तिची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. तिथल्या बायकांच्या छातीत घर करून बसणाऱ्या खोकल्यासाठी इथेच, आपल्या माणसांत दवाखाना काढायचा, या एका ध्यासावर तिने सगळी वर्षं काढली होती. आई त्याच खोकल्याने मागच्या पावसाळ्यात गेली. शेवटची माती द्यायलाही रेंगानिस पोचू शकली नव्हती.

बाहेर तिचा मावसभाऊ बाग्यो मोटरसायकल घेऊन उभा होता.

"आलीस? की पुन्हा न सांगता पळणार आहेस?"

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे काय! मागच्या वेळी निरोप तरी घेतलास का? माझी आई अजून धुसफुसतेय. रीतभात तिकडेच विकून आलीस वाटतं!"

मातीला न आल्याचा टोमणा असेल, असं समजून ती मागे बसली. रस्त्याकडेच्या वखारींतून सुकत्या पानांचा गोडसर, कडवट वास येत होता. आईच्या केसांना हाच वास असायचा.

घरी मावशी, बुलिक सुमिनाह, ओसरीवर बसली होती. रेंगानिसने गुडघे टेकले, तिच्या मांडीवर कपाळ ठेवलं आणि इतके दिवस दाबून धरलेलं बोलून टाकलं.

"माफ करा मला, बुलिक. मी आईच्या जनाज्याखालून गेले नाही."

इथल्या रीतीप्रमाणे घरातून निघण्याआधी जनाजा उंच धरतात आणि मुलं त्याच्या खालून वाकून जातात. तसं गेलं की जाणाऱ्याची आणि राहणाऱ्याची ओढ सुटते. सुटली नाही तर दोघांनाही चैन पडत नाही.

बुलिकने तिचं डोकं वर उचललं.

"काय बोलतेस हे, न्दुक, माझ्या पोरी? तू गेलीस की. सगळ्यांच्या पुढे तूच होतीस."

"मी तिकडे होते, बुलिक. तुमचा फोन आला... तिकीट मिळेना..."

"पहाटे फोन केला आणि जनाजा उचलायच्या वेळी तू दारात. अशा वेळी तासांचा हिशेब कोण करतं, पोरी? एक शब्द बोलली नाहीस. खालून गेलीस आणि थेट ताईच्या खोलीत जाऊन पडलीस. दाराशी ताट ठेवायचे, ते तसंच परत यायचं. आतून नुसतं रडणं ऐकू यायचं."

"मग...?"

"मग काय! एक दिवस खोली रिकामी. निरोप न घेता कोणी घर सोडतं का गं?" बुलिकचे डोळे भरले. "म्हणून रागाने मी फोनच केला नाही."

आणि आपण आलो नाही म्हणून बुलिक बोलत नाही, असं रेंगानिस समजत होती.

भीती नंतर वाटली. आधी आलं ते दुःख. जे कोण होतं, ते तिच्या वाटणीचं रडून गेलं होतं. आईचा निरोपसुद्धा घेऊन गेलं होतं. तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली. बाग्यो मशिदीत गेला, बुलिक मागे हातपाय धुवायला. रेंगानिस आईच्या खोलीत आली. दिवा लावावासा वाटला नाही. आई ज्याच्यावर गेली तो उंच लाकडी पलंग अंधुक दिसत होता.

जनाजा नाही, तर हा पलंग.

वेडेपणा होता, तिला कळत होतं. तरी ती ओणवी झाली आणि पलंगाखाली शिरली.

अर्ध्यावर आली, तोच वरच्या फळ्या करकरल्या. हळूच... कुणी कुशीवर वळावं तशा. तंबाखूचा वास दाट झाला.

"आई...?" ती कुजबुजली. "आले गं मी. उशीर झाला... माफ कर मला."

वर कुणीतरी श्वास रोखला. मग हुंदका आला. तो आईचा नव्हता. असाच हुंदका रेंगानिसने त्या पहाटे, परक्या देशात, उशीत तोंड खुपसून दिला होता.

ती सरपटत पलीकडे निघाली. मागे वळून पलंगाकडे बघायचा धीर तिला झाला नाही. दारात बुलिक उभी होती, हातात चहाचा पेला. तिची नजर पलंगावर होती आणि चेहरा मायेने ओला झाला होता.

"आलीस होय परत? रडू नकोस, न्दुक. ऊठ, चहा घे."

मग तिचं लक्ष जमिनीवरच्या रेंगानिसकडे गेलं. परक्या माणसासमोर सावरावा तसा तिने डोक्यावरचा रुमाल सावरला.

"आणि या कोण गं? तुझ्याबरोबर आल्यात का?"