पिवळी रेघ

गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावरच्या वेधशाळेत विभावरी केळुसकर एकटीच राहायची. यंत्रं आपली काळजी आपणच घेत; माणूस ठेवलेला तो नावापुरता. रिकाम्या वेळात ती ‘पाठशिळा’ या मुक्तस्रोत शिक्षणप्रणालीसाठी माहितीपत्रकं लिही. प्रणाली फुकट, तिला कुणीही आपली पुरवणी जोडावी. पण ती वापरायची कशी हे लिहायचं म्हटलं की करणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या. ते बिनपगारी काम विभावरीच्या गळ्यात पडलं, कारण ती कुणाला नाही म्हणत नसे.

सध्या तिच्या हातात ‘सेतू’ नावाची पुरवणी होती. ती बनवली होती सांगलीच्या हेरंब तासकर या गणिताच्या मास्तराने. पृथ्वीवरचा निरोप कॅलिस्टोला पोचायला पाऊण तास, उत्तराला तेवढाच. अशाने वर्ग चालायचा कसा? ती निघण्यापूर्वीच त्याने सगळं समजावलं होतं.

“ताई, सेतू माणसाचं आजवरचं बोलणं वाचतो आणि तो आत्ता काय म्हणेल याचा अंदाज लगेच दाखवतो. अंदाजाखाली पिवळी रेघ असते. खरं उत्तर आलं की अंदाज पुसून ते तिथे बसतं.”

“आणि आलंच नाही तर?”

“तर अंदाजच राहतो. दोन्ही टोकांना.”

स्वतः करून पाहिल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हा विभावरीचा खाक्या. म्हणून तिने पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाशी होणारा आपला सगळा पत्रव्यवहारही सेतूवरून सुरू केला. पत्रकातली चित्रं स्वच्छ दिसावीत म्हणून पिवळ्या रेघा लपवल्या. ही निवड दोन्ही टोकांना लागू होते, हेही तिनेच इमानदारीने लिहून ठेवलं. रेघा परत लावायला मात्र विसरली.

हेरंबच्या तत्पर उत्तरांची तिला सवय लागली. त्याच्या थट्टेवर ती एकटीच मोठ्याने हसायची आणि नंतरची शांतता तिला खायला उठायची. बदलीचं यान यायचं होतं. दर वेळी ती आणखी एक पाळी राहायला तयार व्हायची. या वेळी तिने धीर करून कक्षाला कळवलं, मला न्यायला या. “कळलं, येतो,” असं उत्तर क्षणात आलं. तिने पिशवी भरली.

पत्रकात एकच प्रकरण उरलं होतं : संपर्क तुटल्यास. करून पाहायचं म्हणून ती संदेशांची अँटेना बंद करायला गेली, तर ती आधीच बंद. बर्फाने तार कधीची तुटली होती. बिघाडाची सूचना यंत्रांनी शिस्तीत पाठवली होती, त्याच अँटेनातून. वेधांचे आकडे दुसऱ्या मोठ्या अँटेनातून व्यवस्थित जात होते, म्हणून पृथ्वीवर कुणाला शंका आली नव्हती.

तिने तार जोडली, रेघा परत लावल्या. पडदा पिवळाधमक झाला. हेरंबची थट्टा पिवळी, “कळलं, येतो”सुद्धा पिवळं.

मग तुंबलेले खरे निरोप आले. कक्षाने विचारलं होतं, यान न्यायला येऊ दे की राहता? त्याखाली तिकडच्या सेतूने तिच्या नावाने दिलेलं उत्तर होतं, “राहते. माझी काय अडचण?” शब्द तिचेच होते, दर वेळचे. आपलेच दात, आपलेच ओठ. बोल लावणार कुणाला? यान मंगळावरूनच माघारी वळलं होतं.

शेवटचा निरोप हेरंबचा होता.

“ताई, मला वाटलं होतं, या वेळी तुम्ही राहायला नाही म्हणाल. मागे निघताना तुमचा चेहरा पाहिला होता. पण मी विचारलं तेव्हाही ‘राहते’ असंच तुमचं उत्तर आलं, मग मी पुन्हा विचारलं नाही.”