झडपेच्या अलीकडे

हवायंत्राचा मिस्त्री सकाळी त्याच्या खोलीत मेलेला सापडला. ताज्या हवेची झडप बाहेरच्या बोगद्याच्या बाजूनं घट्ट बंद होती. जुनी हवा ओढणारी नळी मात्र चालूच होती. खोली हळूहळू रिकामी होत गेली होती.

वस्तीचा प्रमुख म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ. त्यानंच घारीला बोलावलं. पृथ्वीवर ती खासगी तपासाची कामं करायची. नजर अशी की या ग्रहावरही सगळे तिला घारच म्हणत. सोबत तिचा दीर आला. तो वेल्डर, मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश.

प्रमुख म्हणाला, दाराला कडी नव्हती, पण बोगद्यातून कितीही ओढलं तरी ते हलेना. झडप उघडून आत हवा भरली, तेव्हा कुठे सुटलं.

घारीनं खोली पाहिली. धोक्याची घंटा भिंतीवरून उतरवलेली, तिचे स्क्रू टेबलावर वाटीत जपून ठेवलेले. मिस्त्रीच्या अंगात नुसता पातळ सदरा. उजव्या हाताची पेरं सोललेली.

"भावानंच केलं, वहिनी," दीर कुजबुजला. "काल जेवणघरात दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं."

भांडण प्रमुखानं नाकारलं नाही. यंत्र बसत चाललंय, सुटे भाग आणणारं यान येणार नाही, हे लोकांना सांगून टाकू, असा मिस्त्रीचा आग्रह होता. प्रमुखानं त्याला गप्प बसवलं होतं. वस्तीच्या डॉक्टरांनी सांगितलं की कितीतरी दिवस सगळ्यांची डोकी दुखताहेत, मुलं पेंगतात. मिस्त्री त्यांना एकच विचारून गेला होता: माणूस कमी झाला तर त्याच्या वाटची हवा एका मुलाला पुरेल का?

मिस्त्रीची बायको शेजारच्या खोलीत मुलीजवळ होती. झोप लागली, काही ऐकू आलं नाही, एवढंच ती बोलली. मुलगी वडिलांच्या जाड कोटात गुरफटून पेंगत होती. कोटाच्या बाह्या कापून, बारीक टाक्यांनी दुमडून, तिच्या मनगटापर्यंत आणल्या होत्या.

घारीनं सगळ्यांना मिस्त्रीच्या खोलीत बोलावलं. मुलगी पलीकडे झोपली होती.

"घंटा त्यानं स्वतः काढली," ती म्हणाली. "मारेकरी आत येऊन वाटीत स्क्रू ठेवत बसत नाही. म्हणजे मरायचं त्यानंच ठरवलं होतं. पण झडप बाहेर आहे. कुणीतरी मदत केली."

"कुणी?" प्रमुखानं विचारलं.

"इथल्या थंडीत माणशी कोट एकच असतो. तो जिवंत माणसाचा कापत नाहीत. ते टाके एका सकाळचे नाहीत. तो जाणार, हे शिवणाऱ्या हाताला आधीच ठाऊक होतं."

बायकोनं मान खाली घातली.

दीर म्हणाला, "मग हा खून कसा? त्याच्याच मर्जीनं झालं."

"पेरं बघा, भाऊजी. शेवटी त्याची मर्जी बदलली. आतली हवा विरळ झाली की बोगद्याची हवा दार दाबून धरते. त्याच्यानं ते ढकलवलं नाही. त्यानं दार ठोठावलं."

मग बायको म्हणाली, "ठरलं होतं आमचं. त्यानं वाजवलं तर मी उघडायचं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "वाजवलं त्यानं. माझा हात झडपेवर होता. तेवढ्यात पोरीनं पलीकडे एक लांब श्वास घेतला. कितीतरी दिवसांत तसा घेतला नव्हता. मी हात काढून घेतला."

प्रमुख भिंतीला टेकला. तिला काय शिक्षा द्यायची, असं त्यानं विचारलं, पण ते कुणालाच उद्देशून नव्हतं.

"ते नंतर," घार म्हणाली. "आधी हे सांगा, यंत्राला हात लावणारं दुसरं कोण आहे?"

प्रमुखानं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी वेल्डरकडे. दीरानं मान हलवली. त्याला नळ्या जोडता येत होत्या, यंत्र कळत नव्हतं. आजवर मिस्त्रीच ते कसंबसं रेटत आला होता.

हे बायकोच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पलीकडून मुलीनं हाक मारली. आई उठली, डोळे पुसले आणि तिच्याकडे गेली.