एकटे येणार असाल तर

वसुलीचं पत्र आलं की बाई मशीनवरून न उठता पाकिटावर लिहीत, "हा माणूस इथे राहत नाही," आणि पाकीट तसंच पोस्टमनच्या हातात परत देत. लिहीत कशाने, तर कापडावर खुणा करायच्या खडूने. तो हाताशी असे, आणि पेन त्या घरात वेळेवर कधी सापडलं नाही. पोस्टात पोचेपर्यंत खडू पुसून जाई आणि पुढच्या महिन्यात नवं पत्र हजर. पोस्टमनने एकदा हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. तेवढंच नाव वाचायला मिळतं."

नाव होतं त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे पूर्वीच्या नवऱ्याचं. काडीमोड होऊन बरीच वर्षं झाली होती. तो कुलूपवाला. हातात कसब मोठं, पण अर्धा जन्म लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात गेला. संध्याकाळी घरी कधी एकटा यायचा नाही. मागे कुणीतरी असायचंच, आणि "हे आपलेच" एवढीच त्याची ओळख. या आपल्यांतले काही चहा पिऊन जायचे, काही जामीन मागायचे. होडीवाल्या मित्राला नव्या होडीसाठी हा जामीन राहिला, तेव्हा मात्र बाईंनी हात टेकले.

"एकटे येणार असाल तर या," असं त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. त्याने वाद घातला नाही. किल्ली खिडकीत ठेवली आणि गेला. जगातलं कुठलंही दार उघडू शकणारा माणूस, पण "या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. उघडता येतं म्हणून उघडायचं नसतं, हा त्याच्या धंद्याचा नेम होता. बाईंचा राग वर्षभरात निवला, माया काही जाता जाईना. पण आपण होऊन बोलवायचं कसं? मानी बाई.

तर एका दुपारी वसुलीवालाच दारात आला. थकलेला, सभ्य माणूस, शर्टाची कॉलर पार झिजलेली.

"ताई, पत्रांना उत्तर नाही म्हणून यावं लागलं. होडीवाले नदीत बुडाले, होडीसकट. आता जबाबदारी जामीनदारावर येते."

"ते इथे राहत नाहीत."

"असं कसं? मंगळवारी त्यांनीच तर मला दार उघडलं."

बाईंचा पाय मशीनवर थांबला.

"पांढऱ्या मिशा, हाताला तेलाचा वास. म्हणाले, ती बटणं आणायला गेलीय, बसा. मीच बसलो नाही." त्याने मान खाली घातली. "म्हणजे ते राहतात इथेच. शुक्रवारी यादी करायला येतो. घरातल्या वस्तू... हे मशीनसुद्धा त्यात येईल."

मशीन गेलं तर खायचं काय, हा प्रश्न होताच. पण बाईंना आधी राग आला तो नवऱ्याचा. आपल्या माघारी कुलूप उघडून येतो म्हणजे काय! त्यांनी तडक नणंदेला फोन लावला. काडीमोड नवऱ्याशी झाला होता, नणंदेशी नाही.

"वन्सं, तुमच्या भावाला सांगा, यायचं तर माझ्यासमोर या म्हणावं."



"वहिनी... दादा गेला. पावसाळ्याच्या आधीच. झोपेतच गेला. तुला सांगायला जीभच रेटली नाही माझी."

फोन ठेवल्यावर बाई रडल्या, अगदी पोटभर रडल्या. मग तोंड धुवायला उठल्या, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत दार कुरकुरलेलं नाही. तो घर सोडून गेल्यापासून बिजागरी किंचाळायची, तिला तेल घालायला कुणी नव्हतं. बाईंनी बोट लावून पाहिलं. बोट तेलकट झालं.

मग एकेक आठवत गेलं. उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. दारावर टकटक, जरा थांबून आणखी एक टक. गिऱ्हाईक असेल म्हणून बाई मान वर न करता नेहमीसारख्या म्हणाल्या होत्या, "या, उघडंच आहे." दार उघडलं, पण आत कुणीच आलं नाही. वारा असेल म्हणून त्या पुन्हा शिवायला लागल्या होत्या. वारा कधी दोनदा वाजवून, थांबून, तिसऱ्यांदा वाजवतो का? ती त्याची खूण होती, लग्न झाल्या दिवसापासूनची.

भीती वाटली का, म्हणाल, तर वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी ऊबदार होतं. त्या संध्याकाळी बाईंनी दोन कप चहा केला. एक स्टुलावर ठेवला आणि तिकडे पाठ करून शिवत बसल्या. मागे कपबशीचा बारीकसा आवाज झाला... त्यांनी वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी वसुलीवाला आला. नणंदेने मृत्यूचा दाखला पाठवला होता, तो दाखवला की प्रकरण मिटत होतं. पण बाईंच्या मनात भलतंच आलं. नवऱ्याला स्वतःलाच अजून कळलं नसेल तर? आपण गेलोय हे ऐकलं तर हा माणूस पुन्हा किल्ली खिडकीत ठेवून मुकाट निघून जाईल. जा म्हटलं की जायची सवयच त्याला. म्हणून त्यांनी वसुलीवाल्याला बाहेर पायरीवर नेलं, दार ओढून घेतलं आणि दाखला पुढे केला.

"वाचा. पण मनात वाचा."

त्याने वाचलं. पुन्हा तारीख वाचली.

"मग मंगळवारी मला दार..."

"हळू बोला हो. ऐकू जाईल."

"कुणाला...?"

तेवढ्यात बंद दारावर आतून टकटक झाली. जरा थांबून आणखी एक टक.

बाईंनी दाराला हात लावला आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "थांबा जरा. पाहुणे आहेत."

वसुलीवाल्याने गुडघ्यावर कागद ठेवला, ‘येथे राहत नाही’ असं कसंबसं लिहिलं आणि जिना उतरला तो मागे न बघता. पत्रं बंद झाली. मशीन राहिलं. कॉलर उलटून द्यायला हवी होती बिचाऱ्याची, असं बाईंना नंतर वाटत राहिलं.

पुढचे दिवस सुखात गेले, तसे संसारातही गेले नव्हते. कात्रीला धार असायची. अडकलेली बॉबिन सकाळी सुटलेली मिळायची. बाई शिवता शिवता दिवसभराचं सांगत बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "आता कसं, एकटे आहात तर किती बरं वाटतं."

परवा संध्याकाळची गोष्ट. बाई पडद्याला दुमड घालत होत्या. दारावर टकटक झाली, थांबून आणखी एक. गेला असेल कुठे फिरायला, असं मनात म्हणून त्या हसल्या. "या," म्हणायला तोंडही उघडलं.

तेवढ्यात दारावर दुसरी थाप पडली. खालच्या अंगाला, उंबऱ्याजवळ, ओलं फडकं आपटावं तशी. नदीच्या गाळाचा वास आला.

बाईंचा शब्द ओठांवरच राहिला. आपल्या माणसाला त्या पुरत्या ओळखून होत्या. तो बाहेर उभा असणार, मान खाली घालून, ओशाळं हसत, कुणाला तरी पाठीशी घेऊन. "हे आपलेच" म्हणायला.

पुन्हा टकटक झाली, हलक्या हाताने, विनवणी केल्यासारखी. दाराखालून पाणी आत आलं, आणि सावकाश मशीनपर्यंत येऊन बाईंच्या पावलाजवळ थांबलं.