सोनीबाईचं आवतन

सत्तावन सालचा पोळा. मूल शहराजवळच्या आमच्या गावची गोष्ट हाये, अन् ज्याच्यावर बेतली त्या आमच्या शेजारच्या लटारूनं सोताच्या तोंडानं मले सांगतली. हसाचं असन तर आत्ताच हसून घ्या, पोट्टेहो.

सोनीबाई ही लटारूची बहीण. नवरा मेला, सासरच्यांनी हाकललं, बिचारी माहेरी आली. मंग बापबी गेला. मांगं राह्यली बोडीखालची, म्हंजे गावच्या लहान तळ्याखालची, धानाची बांधी. बापाच्या जमिनीत लेकीले हिस्सा द्याचा कायदा नवाच झाला होता. तिनं सरळ मांगतलं, "भाऊ, बोडीखालच्या बांधीत माहा अर्धा हिस्सा हाये. दे."

"कायदा दिल्लीचा. बांधी माही," लटारू म्हणे. "बाईच्या जातीनं कधी नांगर धरला हाये काय?"

धानाचा रोवणा बाया करतात, निंदण बाया करतात, ते ह्या हलकटाले दिसलं नाई. त्यानं बहिणीले घरातून काढलं अन् बैलाच्या कोठ्यात टाकलं. आखाडात तिले ताप भरला. कोठ्यातच मेली. बांधी त्यानं एकट्यानं रोवली. आजबी आठवलं का माहं डोकं फिरते.

पोळ्याच्या आदल्या राती आपण बैलाचे खांदे शेकतो ना, तसा तो हळद-तूप घेऊन कोठ्यात गेला. कंदील खुटीले टांगला. खांदे चोळले. मंग रीतीप्रमाणं म्हणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

कोपऱ्यातून बाईचा आवाज आला.

"येतो, भाऊ..."

कोपऱ्यात तनस होती, धानाचं वाळलं काड. दुसरं काई नाई. बैल थरथरून राह्यले होते.

"कोन... कोन हाये?"

तनस दबली. कोनी उठून बसावं, तशी.

"येतो... पन जेवाले नाई."

कंदील तिथंच टाकून लटारू पळाला.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, पुरनाची जेवनं झाली. कोनी आलं नाई. लटारूले धीर आला. "मेलेली बाई काय करन?" असं म्हणून झोपला.

राती बोडीकडून आवाज आला.

थप्...

चिखल थापल्याचा.

थप्... थप्...

त्यानं दाराले आडना लावला. बायकोनं तोंडात पदर कोंबला.

उजाडल्यावर तो मले घेऊन बांधीवर गेला. उभ्या धानातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवा धुरा, मातीचा बांध, घातलेला. एक रोप मोडलं नव्हतं. ओल्या चिखलावर बाईच्या बोटाचे वळ होते. पावलाचा ठसा मात्र कुठीच नाई.

लटारूनं दोर लावून मोजलं.

बरोबर अर्धी बांधी.