राजाची उडी

सिल्वासाच्या शाळेत बुद्धिबळ स्पर्धेची अखेरची फेरी होती. १९९१ सालच्या त्या दुपारी सुधाकर मास्तर तापाने शिणलेला देह सावरीत पटासमोर बसले. निवृत्तीला तीन महिने उरले होते. हा डाव जिंकला, तर अकरा वर्षे हुकत आलेली केंद्रशासित प्रदेशाच्या संघातील निवड निश्चित होती.

समोरची खुर्ची रिकामी होती. दादऱ्याच्या कारखान्यातला संजू आलाच नव्हता.

"तासभर थांबा, मास्तर," पंच प्रभाकर म्हणाले. "मग डाव तुमचा. फुकटचा गुण!"

"फुकटचं या वयात पचत नाही हो."

मास्तरांनी राजापुढचे पांढरे प्यादे दोन घरे सारले, घड्याळाची कळ दाबली आणि नाम घेत डोळे मिटले.

खट्... कोणीतरी कळ दाबली होती. डोळे उघडले, तो काळे प्यादे एक घर पुढे आलेले. यंत्राच्या तेलाचा उग्र वास दाटला होता.

तो वास ओळखीचा होता. सामरवरणीच्या कारखान्यातून पाळी संपवून भगवंत असाच थेट स्पर्धेत खेळायला यायचा, आणि खानदेशातल्या गावच्या रीतीने प्यादी एकेक घर चालवायचा. गेल्या वर्षीच्या डावात त्याचा राजा घोड्यासारखा उडाला होता.

"हे चालायचं नाही," मास्तर म्हणाले होते. "राजाला हात लावलास, आता राजाच हलव. एक घर."

"आमच्या गावाकडं राजा एकदा उडी मारतोच, मास्तर! सवयीनं झालं. तेवढं माफ करा ना."

मास्तरांनी माफ केले नव्हते. भगवंत हरला, पावसाळ्यात तापाने गेला.

आता थकलेल्या हातांनी मास्तर खेळत राहिले. काळी सोंगटी हलताना कधीच दिसत नव्हती. हललेली तेवढी दिसे. विसाव्या चालीला काळा राजा घोड्यासारखा उडाला. अगदी कानाशी कोणी कुजबुजले, "मास्तर... आता?"

"राहू दे, भगवंता," मास्तर पुटपुटले. "तिथेच राहू दे."

"देवाला काय आळवताय?" प्रभाकर जवळ आले. "तास भरला. जिंकलात!"

"गुण लिहू नका. डाव चालू आहे... मी त्याला मुभा दिली आहे."

"कोणाला? अहो, तुम्ही एकच तर चाल केलीत."

मास्तरांनी पाहिले. पटावर खरोखर एकच प्यादे हलले होते.

संजूची गैरहजेरी नोंदवण्यासाठी प्रभाकरांनी पलीकडचा चालींचा कागद उचलला. कागदावर तेलाच्या बोटांचे डाग होते. दोन्ही बाजूंच्या वीस चाली ओळीने लिहिल्या होत्या, शेवटची काळ्या राजाची उडी. त्याखाली पांढऱ्याची एकविसावी चाल होती, मास्तरांच्याच अक्षरात. शाई अजून ओली होती.