मुकी घंटा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. नदीकाठचं गाव आहे. चौकात दोन खांबांना टांगलेली भलीमोठी घंटा आहे आणि तिच्या आतला लोंबता लोलकच गायब आहे! वाजणार कशी? आता कल्पना करा, की सुट्टीत आत्याकडे आलेले तुम्ही त्या घंटेच्या पोटात शिरला आहात.

चिमणी तशीच शिरली होती.

"बाहेर ये! आत विंचू असेल!" धाकटा भाऊ भोपळ्या ओरडला.

"असू दे! अरे, ही कडी शाबूत आहे. लोलक तुटून पडलेला नाही, कुणीतरी खिळा उपसून काढलाय! आणि दोन्ही बाजूंना बघ, आपटून आपटून खळगे पडलेत."

"हटा रे पोरांनो!" उत्सव समितीचे अध्यक्ष धावत आले. "उद्या उठावाचा दिवस! नवा लोलक बसवून घंटा दणक्यात वाजवायची आहे."

"पण काका, जुना कुणी काढला?"

"गंजून पडला असेल! पळा आता!"

चिमणीचा चेहरा उतरला. समुद्रापलीकडच्या राज्यकर्त्यांनी ही घंटा आणली होती, हे तिला ठाऊक होतं. पहाटे ती वाजली, की तापाने फणफणलेल्या पोरांनाही निळीच्या हौदात उतरावं लागे. उशीर झाला, की चाबूक! एका पहाटे घंटा बिघडली, कुणी कामाला गेलं नाही आणि उठाव पेटला, असं गाव सांगे.

"बिघडली नव्हती रे! कुणीतरी जिवावर उदार होऊन तिला गप्प केलं," चिमणी म्हणाली. "आणि उद्या आपण तीच वाजवणार?"

"पुरावा कुठाय?" असं म्हणत भोपळ्या काठावर आत्याच्या होडीत धपकन बसला. "आई गं! आत्या, तुझा नांगर टोचला!"

चिमणी वाकून बघू लागली. नांगराचे आकडे मागाहून जोडलेले होते. खालचा गोळा दोन बाजूंनी ठेचून चपटा झाला होता.

"आत्या, नांगर चिखलात रुततो. मग हा एवढा आपटला कुठे?"

आत्याने वल्हं खाली ठेवलं. "अगं, उठावाआधी या होडीत फक्त साहेब बसायचे. निळ्या हातांच्या माणसांनी पोहून जायचं. नंतर ती सगळ्यांची झाली आणि माझ्या पणजीने वल्हं धरलं. नांगराकडे बघून ती म्हणायची, 'याने आमच्या झोपा उडवल्या. आता झोपू दे त्याला पाण्यात.' मला वाटायचं, म्हातारी गंमत करते!"

तिघांनी नांगर चौकात ओढत नेला. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चिमणीने नांगराच्या वरच्या टोकाचं भोक कडीला लावलं आणि नव्या लोलकाचा खिळा सरळ आरपार गेला! गोळा झुलवला, तर तो बरोबर खळग्यात बसला.

अध्यक्षांनी नवा लोलक स्वतःच बाजूला ठेवला. "शाबास पोरांनो! आम्ही रोज इथून जातो, पण कुणी आत वाकून बघितलं नाही. आत्याबाई, तुमच्या पणजीपुढे आज सगळं गाव मान लववेल."

आत्याने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी चौक माणसांनी भरला. "पण घंटेशिवाय सुरुवात कशी करायची?" कुणीतरी विचारलं.

चिमणी काठाकडे धावली, होडीत परत ठेवलेल्या नांगराशेजारी उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा काठ दणाणेल अशी ओरडली, "चला हो चला! सगळ्यांनी बसा! होडी सुटतेय!"