विकलेल्या चित्रावर नाव कोणाचं

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. साल दोन हजार सहा. वारूळवाडीच्या फाट्यावर तेजस्विनीची स्कूटी मेंढ्यांच्या कळपात अडकली. पुढे मेंढ्या, मागे मेंढ्या, आणि तिला नारायणगावातला आपला नेट कॅफे नऊला उघडायचा होता. तिनं दोनदा हॉर्न वाजवला. एकाही मेंढीनं मान वर केली नाही.

“हॉर्न कळत न्हाई त्यांना, मॅडम,” रस्त्याकडेच्या दगडावरून आवाज आला. “जरा दम धरा. त्याच वाट देत्याल.”

दगडावर पंचविशीचा एक मेंढपाळ बसला होता. खांद्यावर घोंगडी, मांडीवर वही, हातात काळं पेन.

“लिहायचं ते मागून लिहा,” तेजस्विनी म्हणाली. “आधी ह्यांना हाका.”

“लिवत न्हाई,” तो म्हणाला आणि त्यानं वही तिच्याकडे फिरवली.

पानावर चाळीसेक मेंढ्या होत्या, आणि एकीचं तोंड दुसरीसारखं नव्हतं. एक हट्टी, एक झोपाळू... आणि एकीचं कोकरू नुकतंच गेलं असावं. हे आपल्याला कशावरून कळलं, ते तिला सांगता आलं नसतं. पण कळलं खरं.

“ह्या सगळ्या... ह्यातल्याच?”

“व्हय. तुमच्या चाकापाशी हाय ना, ती ही बघा.”

तिनं खाली पाहिलं, मग पानाकडे. तोच दुमडलेला कान, तीच तिरकी नजर. वाट केव्हाच मोकळी झाली होती, पण तिच्या ते ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी कॅफे दहाला उघडला.

त्याचं नाव मच्छिंद्र. गाव पारनेरच्या अंगाला. हिवाळा लागला की आई तानूबाईंना आणि कळपाला घेऊन तो जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत यायचा. खतासाठी शेतकरी मोकळ्या रानात मेंढ्या बसवून घेत. शिक्षण दहावी. चित्र काढायला कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शिकवायला कोन असतंय रानात? बघत बसायचं.”

तेजस्विनीला इंटरनेटवरची एक जागा ठाऊक होती. तिथं चित्रकारांची आपापली दालनं होती आणि चित्रं विकत घेऊन जपणाऱ्या संग्राहकांचीही. तिनं मच्छिंद्रचं दालन उघडायचं ठरवलं.

“तिथं दाखवून काय मिळंल?” त्यानं कॅफेत येऊन विचारलं.

“बघणारे मिळतील.”

“बघनारं एक मिळालंय की,” तो म्हणाला, आणि लगेच बाहेरच्या रस्त्याकडे पाहू लागला.

चार मोठे कागद चिकटवून त्यानं घाट उतरणारा कळप काढला होता. तिनं त्याचा फोटो चढवला. नेट इतकं हळू होतं, की चित्र वरून पट्टीपट्टीनं उतरत गेलं. आधी नुसता डोंगर, मग धुकं, मग शेकडो पाठी... आणि शेवटी तोंडं. दोघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. आपलंच चित्र पहिल्यांदा पाहत असल्यासारखं मच्छिंद्र म्हणाला, “लई मोठं हाय की हे.”

डिसेंबरात ते चित्र विकलं गेलं. केरळातल्या कोट्टायमला अन्नम्मा नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांनी ते घेतलं, भिंतीवर लावलं, आणि आपल्या दालनात मांडून खाली मच्छिंद्रचं नाव लिहिलं. आपल्या घाटातल्या मेंढ्या इतक्या दूरच्या भिंतीवर उभ्या आहेत, या विचारानं तेजस्विनीच्या अंगावर काटा आला.

मग जानेवारीत घोटाळा झाला. दिल्लीच्या एका संग्राहकाला तेच चित्र मच्छिंद्रच्या दालनात दिसलं, अजून विक्रीला असल्यासारखं. पुढे त्याला ते अन्नम्मांकडेही दिसलं. त्यानं सगळ्यांदेखत लिहिलं, ‘हा चित्रकार एकच चित्र दोघांना विकतो. सावध राहा.’ संध्याकाळी अन्नम्मांची दोनच ओळींची मेल आली, ‘माझ्याकडचं चित्र अस्सल आहे ना? राग मानू नका, पण विचारावं लागतंय.’

कळप तेव्हा घोडेगावच्या बाजूला गेला होता. दुसऱ्या दिवशी एसटीनं, मग पायी, तेजस्विनी तिथं पोचली. मच्छिंद्र एका कोकराच्या पायातला काटा काढत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“चूक माझी आहे. विकल्यावर तसं लिहायचं असतं. आता चित्र कोणाचं आहे ते सांगायचं, फोटो ठेवू का म्हणून त्यांना विचारायचं... मी यातलं काहीच केलं नाही.”

त्यानं काटा काढला, कोकरू सोडून दिलं.

“आमच्यात मेंढी इकली, की तिच्यावरचा आपला खुणेचा रंग ठिवत न्हाईत,” तो सावकाश म्हणाला. “नवा धनी त्याचा रंग लावतो. न्हाईतर उद्या मेंढी कुनाची, यावरनं भांडनं. पर ती कुठल्या कळपातली, असं कुनी इचारलं तर नाव आमचंच सांगत्यात. त्याला धनी बी नाय म्हनत न्हाई.”

तेजस्विनी त्याच्याकडे बघतच राहिली. इंटरनेटवरच्या त्या जागेचे नियम इंग्रजीत चार पानं होते, तिनं ते वरवर चाळले होते. यानं ते न वाचता सांगितले होते.

“पर तुमच्याकडनं रंग पुसायचा ऱ्हायला कसा?” त्यानं विचारलं.

“विकलं असं लिहिलं की चित्र मागच्या पानावर जातं. मला ते पुढेच हवं होतं. सकाळी कॅफे उघडला की... मी आधी तेच बघते.”

“रोज?”

“रोज.”

तो खाली बघून हातातली काठी फिरवत राहिला. “मग चूक लई मोठी न्हाई.”

“मोठीच आहे. तुमचं नाव गेलं.”

“म्या खोटं केलं न्हाई, तुमी बी मुद्दाम केलं न्हाई. हाय ते लिवा. जाईल कुठं नाव?”

तिनं तसंच लिहिलं. तक्रारीखाली स्वतःचं नाव घालून सांगितलं, की चूक चित्रकाराची नाही, माझी आहे. दालनातलं चित्र उतरवलं. अन्नम्मांना कळवलं, की तुमच्याकडचं चित्र अस्सल आणि एकुलतं आहे. तुम्ही हो म्हणालात तरच त्याचा फोटो पुन्हा लावू.

नऊ दिवस उत्तर नाही. मच्छिंद्र एक दिवसाआड कॅफेत यायचा.

“आलं का?”

“नाही.”

“मग बसतो.”

नवव्या दिवशी ती म्हणाली, “उत्तर आलं, तरी येत जा.”

तो कानापर्यंत लाल झाला.

दहाव्या दिवशी मेल आली. तेजस्विनीनं ती छापून घेतली आणि थेट घोडेगाव गाठलं. तानूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मच्छिंद्र म्हणाला, “वाचा. आईला बी ऐकू द्या.”

ती मराठीत सांगत गेली. ‘मी आजारी होते, म्हणून उशीर झाला. उठवत नव्हतं, तेव्हा चित्र खाटेसमोर लावून घेतलं. एका सकाळी उन्हात दिसलं, की काळ्या शाईत लोकरीचा एक केस चिकटलाय. खराखुरा. मी त्यावर बोट ठेवलं आणि तुमच्याबद्दल शंका घेतल्याची मला लाज वाटली. फोटो जरूर लावा. खाली माझं नाव लिहा, म्हणजे कुणाला ते चित्र बघायचं असेल, तर माझ्या घरी येईल. मी आजवर मेंढ्या पाहिल्या नव्हत्या. आता त्या रोज मला उठवतात.’

ऐकता ऐकता तानूबाईंची तव्यावरची भाकरी करपली.

“येवढं... त्या रेघांत?” मच्छिंद्र म्हणाला. मग तो तिच्याकडे वळला. “तेजस्विनी, म्या रानात फिरनारा मानूस. बोलाया येत न्हाई. पर तुमच्याबिगर आता करमत न्हाई मला.”

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. तिला ओढणीचं टोक कुठं ठेवावं ते कळेना.

तानूबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. “पोरी, मेंढरांमागं चालशील का?”

“तेवढं चालणं नाही जमायचं, आई,” ती खरं तेच बोलली. “पण जिथं थांबाल, तिथं एसटीनं येईन.”

तानूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

घरी सांगणं मात्र सोपं नव्हतं. जात वेगळी, रीत वेगळी. तिचे वडील चांगदेव टोमॅटोच्या मांडवाच्या तारा गुंडाळत होते. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. ते ऐकत राहिले, तार गुंडाळत राहिले.

“लोक बोलत्याल,” शेवटी ते म्हणाले.

“बोलतील.”

“पोरगं खऱ्याला धरून हाय?”

“आहे, दादा. चूक माझी होती, पण त्यानं मला तोंडघशी पाडलं नाही.”

चांगदेवांनी तार खाली ठेवली आणि मोकळ्या झालेल्या रानावरून एकदा नजर फिरवली.

“त्याला निरोप धाड. म्हनावं, आमच्या रानात दोन रात मेंढरं बसव. बोलायचं ते इथं बसून बोलू.”

चौथ्या दिवशी सकाळी धुकं अजून निवळलं नव्हतं. आधी घंटा ऐकू आल्या, मग खुरांचा ओला, मऊ आवाज, आणि मग बांधावरून मेंढ्या उतरू लागल्या... दहा, पन्नास, शंभर... रान भरून गेलं, तरी त्या येतच होत्या. तेजस्विनी बांधावर हात जोडल्यासारखी उभी होती. सगळ्यात मागून मच्छिंद्र आला. त्यानं बांधाखाली वहाणा काढल्या, आणि चांगदेव त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन पुढे झाले.